डच फिरते पुस्तकांचे कपाट: आधी आस तपासा, मग नक्षी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेदरलंड्समधल्या अ‍ॅम्स्टलवेनमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला लिलावात ओकचे चौकोनी, दोन मजली, फिरते पुस्तकांचे कपाट आवडले आहे. माहितीपत्रकात ‘दुर्मिळ डच, १७ वे शतक’ असे छापले आहे. फिरवले की ते करकरते आणि एका अंगाला कलते. ते खरेच तितके जुने आहे का, त्यातली कारागिरी कशी ओळखायची, दुरुस्ती होईल का आणि पुढे पुण्याला नेले तर टिकेल का, हे त्यांना विचारायचे आहे.

१७ व्या शतकाचा विषय आधीच संपवू. त्या काळी नेदरलंड्समध्ये पुस्तकांचे फिरते यंत्र होते, पण त्याची जातच वेगळी. १५८८ साली अगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने ज्याचे चित्र प्रसिद्ध केले, ते पुस्तकचक्र पाणचक्कीसारखे उभे फिरते. त्याची आस आडवी असते, आणि चक्र कितीही फिरले तरी प्रत्येक उतरती फळी त्याच कोनात राहावी म्हणून आत दातेरी चाके बसवलेली असतात. जाडजूड ग्रंथ उघडे ठेवून एकामागून एक समोर आणायचे, हा त्याचा उपयोग. लायडनच्या बिब्लिओथेका थिसियाना या छोट्या ग्रंथालयात १७ व्या शतकातले असे एक चक्र आजही आहे. तुम्ही पाहिलेल्या कपाटाची आस उभी आहे आणि पुस्तके मिटून, पाठ बाहेर करून ठेवायची आहेत. ही कल्पना बरीच नंतरची. लंडनचा पुस्तकविक्रेता बेंजामिन क्रॉस्बी याने १८०८ मध्ये उभ्या आसेवर फिरणाऱ्या गोल कपाटाचे पेटंट घेतले, आणि बाहेरून पट्ट्या मारलेला चौकोनी प्रकार १८७० च्या दशकात अमेरिकेत ओहायोच्या जॉन डॅनरने बाजारात रुळवला. बाजारात दिसणारी डच कपाटे बहुतेक १८८० ते १९३० या काळातली असतात. तिथले दुकानदार त्यांना ‘बूकनमोलन’ म्हणतात. शोध घेताना हाच शब्द वापरा, इंग्रजी वर्णनाने शोधलेत तर भाव चढा दिसेल.

माहितीपत्रक लिहिणाऱ्याची चूक कशी झाली असेल, याचा अंदाज करता येतो. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलंड्स आणि बेल्जियममध्ये १७ व्या शतकातल्या वैभवकाळाच्या थाटातल्या कोरीव ओकची लाट आली होती. सिंहाची तोंडे, पिळाचे खांब, काळपट रंग. हे फर्निचर आज सव्वाशे-दीडशे वर्षांचे झाले आहे आणि पहिल्या नजरेला त्याच्या दुप्पट वयाचे वाटते. पण फिरत्या कपाटांत मला हाच प्रकार सर्वांत कमी मोलाचा वाटतो. नक्षी भरपूर असते, पण आतली फिरण्याची योजना अनेकदा कामचलाऊ. त्यापेक्षा १९०० नंतरची साधी कपाटे पाहा. त्या वर्षी आर्किटेक्ट बेर्लाखे आणि त्यांच्या सोबत्यांनी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये ‘हेट बिनेनहाउस’ ही पेढी काढली. सांधा लपवायचा नाही, खुंटी दिसली तर दिसू द्यायची, लाकडावर दुसऱ्या लाकडाचे सोंग चढवायचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९१० ते १९३० च्या दरम्यान मिशेल द क्लर्क आणि पीट क्रामर या आर्किटेक्टांच्या अ‍ॅम्स्टरडॅम शैलीत ओकला इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरून येणाऱ्या मकासार एबनीच्या काळ्या पट्ट्यांची जोड मिळाली आणि कडांना जड, वळणदार आकार आले. दुर्मिळ म्हणायचेच असेल तर या शैलीतले, कारागिराचा किंवा पेढीचा पुरावा असलेले कपाट म्हणा. साधे पट्ट्यांचे, नाव नसलेले कपाट देखणे असू शकते, उपयोगी असते, पण दुर्मिळ नसते.

आता रचना. वरून पाहिले तर या कपाटाचा आराखडा भिरभिऱ्याचा आहे. बाहेरची बाजू ४८ सेंटिमीटर आणि कप्प्याची खोली १७ धरली, तर प्रत्येक कप्प्याची लांबी ४८ वजा १७, म्हणजे ३१ येते आणि मधे ३१ वजा १७, म्हणजे १४ सेंटिमीटरचा पोकळ चौकोन उरतो. आस त्या पोकळीतून जाते. (हे आकडे फळीच्या मध्यरेषेपासूनचे आहेत, प्रत्यक्ष मापात फळीची जाडी वजा होईल.) एका मजल्याला उभ्या फळ्या चारच लागतात, प्रत्येक सुमारे ३१ सेंटिमीटर लांब. यातली खुबी अशी की प्रत्येक फळी तीन कामे करते: एका कप्प्याची ती पूर्ण पाठ असते, शेजारच्या कप्प्याची बाजूची भिंत असते आणि उरलेल्या १४ सेंटिमीटरांत मधल्या पोकळीची भिंत. कुठलीही फळी जादा नाही. प्रत्येक कप्प्याचे दुसरे टोक मात्र बाहेर उघडे राहते. तिथून पुस्तके घसरू नयेत म्हणून त्या टोकाला उभ्या पट्ट्या किंवा फळी मारतात. पट्ट्यांना लोक शोभा समजतात, पण कोपऱ्यांवरचे वजन एका मजल्यावरून दुसऱ्यावर उतरवण्याचे कामही त्याच करतात. त्यामुळे तुटलेली पट्टी ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. तिच्या कोपऱ्यावरची आडवी फळी काही वर्षांत खाली झुकते.

वजनाचा हिशेब करा म्हणजे आसेचे महत्त्व कळेल. अशा एका मजल्यावर वापरता येणारी लांबी साधारण ११५ सेंटिमीटर भरते, दोन मजल्यांची २.३ मीटर. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकांचे वजन मीटरला २० ते २५ किलो धरले तर कपाटावर ४५ ते ६० किलो पुस्तके, शिवाय कपाटाचे स्वतःचे वजन. हे सगळे एका लोखंडी दांड्यावर तोललेले असते.

दांडा बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन. चांगल्या पद्धतीत दांडा पायात, म्हणजे खालच्या बैठकीत, घट्ट बसवलेला असतो आणि पोकळीतून थेट वरच्या फळीपर्यंत जातो. वर त्याच्या गोलसर टोकावर एक लोखंडी किंवा पितळी वाटी पालथी बसते आणि सगळे वजन तिथे टांगले जाते. खाली फक्त एक कडे असते, ते कपाटाला डोलू देत नाही. दुसऱ्या, स्वस्त पद्धतीत पायातून जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरचा खुंट वर येतो आणि कपाट त्याच्यावर बसते. दोन्हींतला फरक साध्या गणिताने दिसतो. एका बाजूला १० किलो पुस्तके जास्त झाली आणि ती आसेपासून २० सेंटिमीटरवर असली, तर कपाट कलू पाहते. दांड्याचे वरचे आणि खालचे आधार ६० सेंटिमीटर अंतरावर असतील तर प्रत्येक आधारावर बाजूने सव्वातीन-साडेतीन किलोचा दाब येतो. हेच अंतर ८ सेंटिमीटर असेल तर दाब २५ किलो होतो. आधार पितळेचा असला तरी तो दशकानुदशके झिजणार, आणि लाकडात नुसते भोक पाडून खुंट बसवलेला असला तर भोक लवकरच लंबगोल होणार. तुमचे कपाट कलते आहे त्याचे कारण बहुतेक इथेच सापडेल. दोन तासांच्या पाहणीत वीस मिनिटे नक्षीला द्या, उरलेला वेळ आसेला.

पाहणी अशी करा. सगळी पुस्तके आणि वरच्या वस्तू काढून घ्या आणि कपाट हलक्या हाताने फिरवून सोडा. रिकामे कपाट दर वेळी एकाच जागी येऊन थांबत असेल तर आस ओळंब्यात नाही. पायाशेजारी जमिनीवर पाणसळ ठेवून खात्री करा, कारण कधी कधी दोष नुसत्या तिरक्या जमिनीचा असतो. रिकामे असताना कुठेही थांबते, पण भरल्यावर एकाच जागी परत येते, तर पुस्तकांची मांडणी असमान आहे. फिरताना एकाच ठिकाणी अडखळते, तर कड्यात किंवा वाटीत मळ साचला आहे किंवा दांडा वाकला आहे. मग वरच्या फळीची कड दोन्ही हातांनी धरून बाजूला ढकला. कडेला ३-४ मिलिमीटर खेळ चालेल. सेंटिमीटरभर झुकत असेल तर खालचे कडे गेले आहे.

वय ठरवायला खालून पाहावे लागते, म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा न्या. कपाट पायावर घासत फिरत असेल तर पायाच्या वरच्या बाजूला वर्तुळाकार झीज दिसली पाहिजे, आणि ती कपाटाच्या तळावरच्या झिजेशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर जुन्या कपाटाला दुसराच पाय लावला आहे. हा प्रकार बराच चालतो, आणि किंमत निम्म्यावर आणायला तेवढे कारण पुरेसे आहे. स्क्रू पाहा. फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नसतो. एखादा असा स्क्रू म्हणजे दुरुस्ती. सगळेच तसले असतील तर कपाट उशिराचे. प्लायवूडचा तळ दिसला तर १९२० च्या आसपासचे किंवा पुढचे समजा. डच की इंग्रज, हे लाकडाच्या मापावरून सांगणे अवघड, कारण लाकूड आकसते. धातू आकसत नाही. नेदरलंड्समध्ये मेट्रिक मापे १८२० पासून आहेत, त्यामुळे दांडा व्हर्नियरने मोजून नेमका २० मिलिमीटर आला तर ती डच बाजूची खूण. १९ आला तर पाऊण इंच असण्याची शक्यता. आट्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. इंच मापाचे इंग्रजी व्हिटवर्थ आटे इंग्लंडबाहेरही युरोपभर वापरात होते.

ओकचा रंग हा वेगळाच अभ्यास आहे. चांगल्या कपाटातला ओक त्रिज्येच्या दिशेने चिरलेला असतो आणि त्याच्या अंगावर चमकदार, तुटक पट्टे दिसतात. हे पट्टे नुसते सुंदर नाहीत. अशी फळी रुंदीला कमी हलते आणि कमी वाकते. तपकिरी रंग बहुधा अमोनियाच्या वाफेचा असतो. बंद पेटीत अमोनिया ठेवला की ओकमधल्या टॅनिनवर त्याची क्रिया होऊन लाकूड गडद होते, आणि हा रंग पृष्ठभागाच्या खाली, मिलिमीटरभर किंवा जास्त, उतरतो. पायाच्या खालच्या अंगाला नखाएवढी जागा हलके खरवडा. आत लगेच पिवळा-पांढरा ओक निघाला तर वरचा रंग पुसून चढवलेला आहे. खोडाच्या बाहेरच्या कोवळ्या लाकडात टॅनिन फारसे नसते, ते वाफेने रंगत नाही; कारागीर तेवढा पट्टा हाताने रंगवत असत. म्हणून वाफवलेल्या कपाटावर कुठेतरी थोडा वेगळ्या छटेचा पट्टा सापडला तर बिचकू नका.

समजा घेतलेत. दुरुस्तीत पहिली गोष्ट म्हणजे उतरवण्याआधी पाय आणि कपाट या दोन्हींवर खडूने एकमेकांसमोर खूण करा. वरच्या फळीच्या मध्यावर लाकडी टोपण असेल तर त्याच्या खाली नट असतो. तो सोडवून दोन माणसांनी कपाट सरळ वर उचलायचे, अजिबात तिरपे करायचे नाही. दांडा पोकळीच्या कडेला लागला की फळी चिरते. वाळलेले जुने वंगण व्हाइट स्पिरिटने भिजवून कापडाने काढा, पण स्पिरिट पॉलिशवर सांडू देऊ नका. मग दांडा वर, मधे आणि खाली मोजा. झीज दांड्यावर असेल तर दांडा बदलण्याची घाई नको. लेथवाल्याकडून पितळी बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळी, करून घ्या, भोक दांड्यापेक्षा एक ते दोन दशांश मिलिमीटर मोठे. तो लाकडात इपॉक्सीने चिकटवू नका. बाहेरच्या कडेला तीन छोटे स्क्रू पुरतात आणि पुढच्या माणसाला तो काढता येतो. वाटीत मटाराच्या दाण्याएवढे लिथियम ग्रीस. तेल नको. तेल दांड्यावरून उतरून ओकमध्ये मुरते आणि डाग कायमचा. लोखंड, ओल आणि ओक एकत्र आले की काळा डाग पडतो, त्यामुळे कड्याभोवतीचा निळसर-काळा घेर हे कीड लागल्याचे लक्षण नाही.

सुटे सांधे जोडताना सरसच वापरा. मूळ जोड सरसाचे असतात. त्यावर पांढरा पीव्हीए गोंद चढवला तर जुन्या थरावर तो नीट धरत नाही आणि पुढच्या वेळी सांधा उघडताना लाकूड फाटते. जुना सरस कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ करून पटाशीने नाही, तर जाड ब्रशने काढा. नवा सरस पाण्यात फुगवून दुहेरी भांड्यात सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवा. उकळलात तर त्याची ताकद जाते.

पॉलिशबद्दल जरा कठोर बोलतो. सँडपेपर लावू नका. वाफेचा रंग मिलिमीटरभराचा असतो, आणि कडांवर तर मशीन दोन फेऱ्यांत तो खाऊन टाकते. पुण्या-मुंबईचा पॉलिशवाला उत्साहाने मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सुचवेल, त्याने कपाट नव्या हॉटेलच्या लॉबीतल्यासारखे चकाकेल आणि विकत घेणारा जाणकार पाठ फिरवेल. कापूस किंचित ओला करून मळ पुसा, मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी कोरड्या सुती कापडाने घासा. मूळ फ्रेंच पॉलिश असेल तर चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फक्त उघड्या पडलेल्या जागी लावा.

आता पुण्याचा मुद्दा. हिवाळ्यात तापवलेल्या डच घरात आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली येते आणि लाकडात ७-८ टक्के ओल राहते. पुण्याच्या पावसाळ्यात खिडक्या उघड्या असल्या तर हीच ओल १५ च्या वर जाऊ पाहते. लाकूड लगेच तेवढे पीत नाही, तरी ओल चार टक्क्यांनी बदलली असे धरले तर ४८ सेंटिमीटर रुंदीची त्रिज्येने चिरलेली फळी सुमारे साडेतीन मिलिमीटर फुगते, साधी चिरलेली साडेसहा-सात. चारही बाजूंनी गच्च बसवलेल्या फळीला ही जागा मिळाली नाही तर ती मधे फुगवटा धरते किंवा सांधा उघडते. वरची फळी आतून लंबवर्तुळ भोकांतल्या स्क्रूंनी धरलेली आहे का, हे म्हणून आत्ताच पाहा. पक्की चिकटवलेली असेल तर तिकडच्या सुताराकडून सोडवून घेण्यात शहाणपण आहे.

निघण्यापूर्वी किडीची तपासणी करा. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोके आणि त्यांच्या खाली ताजी फिकट भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे. त्यावर औषध शिंपडण्यापेक्षा गोठवणे बरे: कपाट प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंशांवर तीन दिवस किंवा उणे २० वर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरेल. पाठवताना कपाट पायावरून काढून वेगळे बांधा. दांड्यावर बसवलेले कपाट ट्रकच्या धक्क्यांत वाटीला खड्डा पाडते. खोका लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा, म्हणजे खोक्याचे लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेले आहे. नक्षीत लालसर-काळपट रोजवुडची जडण असेल तर जाणकाराकडून जात ओळखून घ्या. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइटिस या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांविना ते सीमेवर अडकेल. मकासार एबनीची तशी अडचण नाही. हस्तिदंत असेल तर ते कपाट घेऊच नका.

पोहोचण्याची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधता आली तर उत्तम. जूनमध्ये उतरलेले कपाट एकदम दमट हवेत उघडू नका. कापडी गुंडाळीत दोन-तीन आठवडे राहू द्या. पायाखाली ५ मिलिमीटरचे पितळी किंवा नायलॉनचे गुंडे लावा, म्हणजे पुसलेल्या फरशीचे पाणी लाकडात चढणार नाही आणि वाळवीची माती चढली तर दिसेल. मधली पोकळी अंधारी असते, पावसाळ्यात महिन्यातून एकदा टॉर्च मारून आत पाहा. जागा ठरवताना कोपरे विसरू नका: बाजू ४८ असली तरी कर्ण ६८ आहे, म्हणजे कपाटाच्या मध्यापासून भिंत किमान ३५ सेंटिमीटर दूर हवी. पुस्तके भरताना समोरासमोरचे दोन कप्पे जोडीने भरा आणि जड कोश खालच्या मजल्यावर ठेवा. वर पितळी समई किंवा कुंडी नको, कुंडीचे पाणी झिरपून थेट वाटीत जाते.

बोली लावण्याआधी लिलावघराला एवढे विचारा: ‘१७ वे शतक’ हे बिलावर लेखी द्याल का? देणार नाहीत. मग अंदाजे साल, लाकडाची जात आणि पाय मूळचा आहे की नाही, या तीन गोष्टी तरी बिलावर लिहून घ्या.